सायकलच्या बुटांचा डायल घसरतोय: साफसफाई, लेस बदलणं आणि रस्त्यातली दुरुस्ती

वळणवाट (धागाकर्ती)

मंडळी, माझ्या रोड बुटांपैकी उजव्याचा वरचा डायल (नाडीऐवजी बारीक तारेची लेस आवळणारी गोल चकती) त्रास देतोय. डायल दाबून फिरवला की पहिले काही क्लिक व्यवस्थित लागतात. पाय जरा घट्ट वाटायला लागला की "टक्" असा आवाज होतो आणि ताण एकदम उतरतो. पुन्हा फिरवलं की पुन्हा तेच. खालचा डायल आणि डावा बूट ठणठणीत आहेत.

प्रकार ओढून उघडायचा, दाबून बंद करायचा. वापरून दोन पावसाळे झालेत. गेल्या रविवारी मुळशीवरून ताम्हिणीला गेलो होतो, दिवसभर पाऊस, त्यात वाटेत रस्त्याचं काम चालू असल्यामुळे बराच चिखल. त्यानंतर हे सुरू झालं.

बूट घेतले त्या दुकानात विचारलं तर "डायल बदलून मिळत नाही, नवे बूट बघा" एवढंच उत्तर आलं. तळवा कार्बनचा आहे, क्लीट (तळव्याखालचे, पेडलमध्ये अडकणारे तुकडे) नुकतेच बदललेत, वरचं कापड कुठेही उसवलेलं नाही. एवढ्याशा डायलसाठी सगळा बूट टाकायचा हे मला पटत नाही. पुढच्या महिन्यात ३०० ची बीआरएम आहे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची ३०० किलोमीटरची राईड, २० तासांची मर्यादा. तितका वेळ सैल बुटात पेडल मारणं शक्य नाही. घरी काय करता येईल? तेल घालावं का?

पेडलपुराण

दोन थेंब डब्ल्यूडी-४० मारून बघा. अडकलेलं बहुतेक सगळं त्याने सुटतं.

घाटवेडा

वळणवाट, नवे बूट घेऊ नका. आणि डब्ल्यूडी-४० कृपया नको. कुठलंच तेल, ग्रीस, सिलिकॉन स्प्रे नको. कारण सांगतो, त्यासाठी आत काय आहे ते आधी लिहावं लागेल.

डायलच्या बैठकीत एक छोटं रीळ असतं. लेसची दोन्ही टोकं त्या रिळाला अडकवलेली असतात. रिळावर दाते आणि त्यात बसणारे खटके, म्हणजे मागच्या चाकाच्या फ्रीहबमध्ये (पेडल थांबवलं तरी चाक फिरू देणारा भाग) असते तीच रचना, फक्त प्लास्टिकची. फिरवलं की खटका एकेका दात्यावरून पुढे सरकतो, आपल्याला ऐकू येतो तो क्लिक हाच. मागे मात्र येऊ देत नाही. डायल ओढला की खटके दात्यांपासून सुटे होतात आणि रीळ मोकळं फिरतं. थोडक्यात, पायावरचा सगळा ताण खटक्याच्या टोकाचा मिलिमीटरभर भाग पेलतो. तिथे खडीचा बारीक कण बसला तर खटका पूर्ण खाली टेकत नाही. हलका ताण धरतो, जोर आला की सुटतो. तुम्ही लिहिलेलं लक्षण नेमकं हेच आहे.

आता तेलाचं. तेलाने आवाज थांबेल, डायल मऊ फिरेल, आणि पुढच्या राईडला रस्त्यावरची सगळी धूळ त्या तेलाला चिकटून आत बसेल. तेल आणि वाळू मिळून दाते घासायला लागतात. हे डायल कोरडे चालायला बनवलेले आहेत. साखळीचं तर्कशास्त्र इथे लागू होत नाही.

करायचं ते असं: टबात कोमट पाणी घ्या, कढत नको. भांड्यांच्या साबणाचा एक थेंब चालेल. बूट डायलसकट बुडवा. डायल ओढा, हाताने बुटाची जीभ वर खेचून लेस पूर्ण बाहेर येऊ द्या, मग डायल दाबा, दुसरा हात बुटात घालून थोडा ताण ठेवत फिरवा. पुन्हा ओढा. पाण्याखाली हे वीसेक वेळा करा. डायल आणि बैठकीच्या मधल्या फटीत मऊ टूथब्रश फिरवा. नंतर स्वच्छ पाण्यात पुन्हा तेच. गाडी धुतात तो प्रेशरचा पंप अजिबात वापरू नका, कचरा बाहेर येण्याऐवजी आणखी आत जातो.

वाळवताना डायल उघडा ठेवा, आतला इनसोल काढा, वर्तमानपत्राचे बोळे भरा आणि ते तासाभराने बदला. पंख्याखाली. हेअर ड्रायर, हीटर, गच्चीवरचं कडक ऊन यांनी डिंक सुटतो आणि लेसवरचं प्लास्टिक कडक होतं.

एवढं करूनही घसरला तर डायल उघडावा लागेल. ते कठीण नाही, पण मॉडेलप्रमाणे पद्धत बदलते. आधी धुऊन बघा आणि इथे कळवा.

पेडलपुराण

हे पटलं. माझे बूट वेल्क्रोचे आहेत, डायलचं आत काय असतं ते माहीत नव्हतं. सूचना मागे घेतो.

हर्णैकर

घाटवेडांशी सहमत, त्यात किनाऱ्याकडच्यांसाठी भर घालतो. आमच्याकडे चिखलाइतकाच खाऱ्या हवेचा त्रास. बहुतेक डायलची लेस म्हणजे स्टेनलेस स्टीलच्या बारीक तारांचा पीळ, वरून नायलॉनचं आवरण. स्टेनलेस म्हणजे गंजतच नाही हा समज चुकीचा आहे. मिठातल्या क्लोराइडने त्यालाही बारीक खड्डे पडतात. आवरणाला कुठे चीर गेली की खारं पाणी तारांच्या मधे शिरतं आणि तिथेच बसून राहतं. बाहेरून लेस चकचकीत दिसते, आतून एकेक तार जात असते.

ओळखायची खूण: लेस जिथून गाइडमध्ये (बुटावरचे, लेस ओवायचे भाग) शिरते त्या तोंडाशी तांबूस डाग दिसतो. पांढऱ्या बुटांवर तर लगेच दिसतो. डाग दिसला की लेस बदलायचं मनावर घ्या.

दापोली-गुहागर बाजूला सागरी रस्त्याने आलात, आणि विशेषतः जेटीवर फेरीबोटीत चढताना पाय ओले झाले असतील, तर मुक्कामाच्या ठिकाणी पोचल्यावर बूट गोड्या पाण्याने धुवा. पुण्याला परत गेल्यावर नाही, त्याच दिवशी. घरात ट्रेनरवर (सायकल जागेवरच चालवायच्या स्टँडवर) सायकल चालवणाऱ्यांनाही हेच लागू. पायावरून ओघळणारा घाम थेट डायलवर पडतो आणि तो खारटच असतो.

इसारकाठी

हर्णैकर, अगदी बरोबर. मी म्युनिकला असते. इथे हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते चाकावरून उडून बुटांवर येतं. समुद्र शेकडो किलोमीटर लांब असूनही लेसची तीच अवस्था होते. हिवाळ्यात मी डायलवरून निओप्रीनचे ओव्हरशू घालते. थंडीसाठी घालायचेच असतात, डायल स्वच्छ राहतो हा जास्तीचा फायदा.

वळणवाट (धागाकर्ती)

सर्वांचे आभार. काल धुतले. पहिल्या पाण्याचा रंग चहासारखा झाला होता, तळाशी बारीक काळी खडी बसली. वाळल्यावर बघितलं तर सुधारणा आहे, पण पूर्ण ताण अजून टिकत नाही. आधी चारपाच क्लिकनंतर सुटायचा, आता बराच घट्ट होऊन मग सुटतो. उघडायची तयारी आहे. कसं उघडू?

घाटवेडा

सुधारणा झाली म्हणजे निदान बरोबर आहे, कण अजून आत आहे.

उघडण्यापूर्वी मॉडेल ओळखा. बोआ या डायल बनवणाऱ्या कंपनीचे सायकलच्या बुटांवर सर्वाधिक दिसणारे तीन. एल६: एकाच दिशेने आवळतो, सैल करायचा असेल तर ओढून पूर्ण मोकळा. आयपी१: दोन्ही दिशांनी एकेक क्लिक, शिवाय ओढला की पूर्ण मोकळा. एलआय२: त्यानंतर आलेला, बुटावर बसका, हाही दोन्ही दिशांनी चालतो आणि ओढून सुटतो. याशिवाय काही महागड्या रोड बुटांवर ओढून उघडतच नाहीत असे डायल आहेत, ते उलटे फिरवूनच सैल करायचे. बऱ्याचदा डायलवर किंवा बैठकीवर बारीक अक्षरांत नाव असतं. नसेल तर कंपनीच्या संकेतस्थळावर चित्रांवरून ओळखता येतं आणि तिथेच त्या मॉडेलची उघडण्याची चित्रफीत आहे. ती बघितल्याशिवाय स्क्रूड्रायव्हर लावू नका. काहींत बटण विशिष्ट खाचेतून उचलायचं असतं, काहींत आतला भाग फिरवून सोडवायचा असतो, काहींत छोटा स्क्रू असतो. चुकीच्या जागी रेटा दिला तर बैठक चिरते. आणि बैठक बुटाला शिवलेली असते, डायलसारखी सहज बदलत नाही.

उघडताना खाली पांढरा टॉवेल अंथरा, बेसिनवर तर मुळीच काम करू नका. प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो घ्या. विशेषतः लेसची टोकं रिळात कुठल्या भोकांतून गेली आहेत, त्याचा. दाते भिंगातून बघा: टोकं धारदार आहेत की गोलावलीत? धारदार असतील तर साफ करून परत लावा. गोलावली असतील तर डायल बदलणं हाच उपाय.

बोआ डायल आणि लेस यांवर तो बूट जितका काळ टिकेल तितक्या काळाची हमी देते. डायल आणि लेस बदलायचं किटही देते. त्यामुळे "डायल बदलत नाही" हे त्या दुकानातलं उत्तर बरोबर नाही.

हर्णैकर

उघडलाच आहे तर लेस पण तपासा. कापसाचा छोटा बोळा चिमटीत धरून लेसवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढायचा. एखादी तार तुटून वर आली असेल तर तिथे कापसाचा तंतू अडकतो. डोळ्यांना ते दिसत नाही. नख फिरवून बघू नका, तार नखाखाली घुसते.

डोंगरयात्रा

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे, याच धाग्यात विचारतो. एमटीबीचे (डोंगरी सायकलचे) बूट, दोन्ही दिशांनी फिरणारा डायल. आवळायच्या दिशेने फिरवला की लेस आत जायच्या ऐवजी बाहेर येते! सैल करायच्या दिशेने फिरवला की आवळते. पुतण्या घरी आला होता, तो बूट घेऊन खेळत होता, तेव्हापासून हे झालंय. तुटलंय का काही?

घाटवेडा

नाही दादा, काहीही तुटलेलं नाही. लेस पूर्ण बाहेर आल्यानंतरही डायल उलटा फिरवत राहिलं की रीळ दुसऱ्या अंगाने लेस गुंडाळायला लागतं. आता ती उलटी गुंडाळलेली आहे. आवळायच्या दिशेने फिरवत राहा, लेस बाहेर येत येत एका ठिकाणी पूर्ण संपेल, तसंच पुढे फिरवा, की ती सरळ गुंडाळायला लागेल. हे करताना बुटाची जीभ दुसऱ्या हाताने वर खेचून ठेवा.

हा ताण ठेवण्याचा मुद्दा महत्त्वाचा आहे म्हणून इथेच लिहितो. बूट पायात नसताना, लेस मोकळी लोंबत असताना डायल फिरवून ती "गोळा" करायची सवय अनेकांना असते, कारण लोंबती लेस बॅगेत अडकते. रिकाम्या बुटात ताण नसल्यामुळे लेस रिळावर ढिली, एकावर एक चढून गुंडाळली जाते. मग पाय घालून जोरात आवळलं की वरचा वेढा खालच्या वेढ्यांत घुसतो आणि पाचर बसते. त्यानंतर डायल ओढला तरी लेस सुटत नाही आणि बूट पायातच अडकतो. तसं झालं तर लेस कापू नका. डायल उघडा ठेवून, एका बाजूची लेस बोटाने धरून बैठकीच्या तोंडापासून सरळ रेषेत हलके झटके द्या, मग दुसऱ्या बाजूची. बहुतेक वेळा सुटते. बूट ठेवताना आत हात घालून जरासा ताण देऊन तीनचार क्लिक लावले की पुरे.

डोंगरयात्रा

लगेच करून बघितलं, झालं! आता सरळ चालतोय. मनापासून आभार. पुतण्याला दाखवलं, त्याला आत काय होतं ते कळल्यावर फार आवडलं.

निळी जर्सी

मी फिजिओथेरपी करते आणि स्वतः लांब पल्ल्याच्या राईड्स करते, म्हणून एक गोष्ट या धाग्यात यायला हवी असं वाटतं. डायल घसरतो म्हणून लोक आणखी जोरात आवळतात. आणि डायल चांगला असेल तरी आवळतात, कारण दोन बोटांनी फिरवून नाडीपेक्षा कितीतरी जास्त ताण सहज देता येतो. लेस बारीक असते, त्यामुळे हा ताण पावलाच्या वरच्या भागावर अरुंद रेषेत येतो. तिथे त्वचेखाली लगेच बोटं वर उचलणारे स्नायुबंध आणि नसा आहेत, मांसाची गादी नाही. बोटांना मुंग्या येणं, तळवा जळजळणं, दुसऱ्या दिवशी पावलावर आडवी दुखरी रेघ राहणं, ही त्याची लक्षणं.

२०० च्या बीआरएमला साडेतेरा तास मिळतात, ४०० ला २७. इतक्या वेळात, त्यात मे महिन्याच्या किंवा ऑक्टोबरच्या उन्हात, पाऊल सुजतं. पहाटे निघताना बरोबर असलेला ताण दुपारी बरोबर नसतो. खालचा डायल, म्हणजे बोटांकडचा, फक्त कापड सरळ बसेल इतकाच ठेवा. टाच उचलली जाऊ नये हे काम वरच्या डायलचं. वरचा आवळल्यावर जिभेखाली एक बोट दाटून का होईना जायला हवं. घाट सुरू व्हायच्या आधी लोक आवळतात. बसून चढणार असाल तर त्याची गरज नसते, उलट एखादा क्लिक कमी केला तर बरं वाटतं. उभं राहून जोर मारणार असाल तर गोष्ट वेगळी.

एकाच दिशेने चालणारा डायल असेल तर चालत्या सायकलवर सैल करायच्या फंदात पडू नका. ओढला की सगळाच मोकळा होतो, आणि मग खंबाटकीच्या उतारावर एक हात बुटाशी, हे फार धोकादायक आहे. कंट्रोलला (बीआरएमच्या तपासणी नाक्यावर) थांबाल तेव्हा करा.

वळणवाट (धागाकर्ती)

निळी जर्सी, माझ्या उजव्या पावलावर ती आडवी रेघ आहे! घसरतोय म्हणून मी तो जितका जाईल तितका आवळत होते. आता लक्षात ठेवते.

अपडेट: आज दुपारी उघडला. चित्रफीत दोनदा बघून मगच हात लावला. बटण निघाल्यावर आधी काहीच वेगळं दिसलं नाही, काळ्या प्लास्टिकवर काळा कण कसा दिसणार. मोबाइलचा टॉर्च तिरका धरला तेव्हा दोन दात्यांच्या मधल्या खाचेत मोहरीहून लहान खडा चमकला. दोन्ही बाजूंनी इतका घट्ट बसला होता की ब्रशने हलला नाही. लाकडी टूथपिकचं टोक पाण्यात भिजवून, त्याने खालून ढकलला तेव्हा उडून टॉवेलवर पडला. त्या एका दात्याच्या कडेला किंचित पांढरट ओरखडा आहे, बाकीचे दाते धारदार दिसले. परत लावून ताण दिला. धरतोय. पूर्ण आवळून, पुढे वाकून, टाचेवर जोर देऊन पाहिलं, सुटला नाही.

कापूसही फिरवला. डायलच्या बाहेर पडल्या पडल्या पहिल्या वळणावर तंतू अडकला. डाव्या बुटाला कुठेच अडकला नाही. म्हणजे लेस बदलायचीच ना?

हर्णैकर

बदलायचीच. एक तार तुटली की तिचा भार उरलेल्यांवर जातो, पुढच्या भराभर तुटतात. बीआरएमच्या आधी बदला.

घाटवेडा

खडा सापडला हे वाचून फार बरं वाटलं. त्या दुकानाच्या सांगण्यावरून एक चांगला बूट कचऱ्यात गेला असता.

लेस बदलताना काय सांभाळायचं ते लिहितो. किट मागवताना बुटाचं मॉडेल, माप, आणि डावा की उजवा, वरचा डायल की खालचा, हे सगळं नीट भरा. दोन डायलच्या बुटात वरच्या आणि खालच्या लेसची लांबी वेगळी असू शकते, आणि डाव्या-उजव्या बुटांचे डायलही वेगवेगळे असू शकतात. डायलचा, बैठकीचा आणि गाइडचा स्पष्ट फोटो काढून ठेवा.

किट आलं की जुनी लेस लगेच काढू नका. आधी तिचा मार्ग कागदावर काढा. नवी लेस सगळ्या गाइडमधून ओवून झाल्यावरच टोकं रिळात घाला. टोकाची गाठ लहान आणि घट्ट हवी, आणि ती रिळाच्या खळगीत पूर्ण बसायला हवी. वर राहिली तर रीळ फिरताना बैठकीला घासते आणि पुन्हा घसरण्यासारखाच आवाज येतो. लोक समजतात नवा डायलच खराब आला. बटण बसवलं की लेस चिमटीत ताणून धरत सगळी गुंडाळा, मग पूर्ण मोकळी करून पाय आरामात आत जातो का बघा.

सायकलच्या गिअरची तार लेस म्हणून वापरायचा प्रयोग कुणी करू नये. ती जाड आणि ताठ असते, त्या रिळावर वळत नाही आणि गाइड कापते. मासेमारीचा विणलेला दोरा वापरणारे आहेत. तो मऊ गाइडमधून चालतोही, पण गाठ सरकते आणि तो कधी तुटेल याचा अंदाज देत नाही. किट येईपर्यंतची सोय म्हणून ठीक.

रातकिडा

बीआरएमचा विषय निघालाच आहे तर रस्त्यात लेस तुटली तर काय करायचं तेही लिहून ठेवू. रात्री, मागेपुढे कुणी नाही, आणि लेस गेली, हे मी स्वतः पाहिलंय. बरोबरच्या एकाची गेली होती, आम्ही त्याला पुढे नेलं.

सगळ्यात सोपं केबल टाय. समोरासमोरच्या दोन गाइडमधून एक टाय ओवायचा आणि ओढायचा. दोन टायमध्ये बूट चालण्याजोगा होतो. तोटा एवढाच की कंट्रोलला बूट काढायचा तर कापावा लागतो, म्हणून पाचसहा टाय आणि एक छोटं कटर जवळ ठेवा. गाइड कापडी पट्टीचे असतील तर साध्या बुटांची नाडी ओवता येते. ती टूल बॅगेत मुठीएवढीही जागा घेत नाही आणि टायपेक्षा पायाला मऊ लागते. गाइडच तुटला असेल तर जुन्या ट्यूबची पट्टी, क्लीटच्या मागे, पावलाच्या कमानीवरून घट्ट बांधायची. गाठ नेहमी पावलाच्या बाहेरच्या अंगाला. आतल्या अंगाला आली तर क्रँकला (पेडलच्या दांडीला) घासते, आणि उजव्या पायाची सुटलेली पट्टी साखळीत जाऊ शकते. बांधून झालं की सायकल उचलून पेडल हाताने उलटं फिरवून बघा.

डायलचं बटण आपटून उडालं तर आधी शोधा. काही मॉडेलमध्ये ते धक्का बसला की मोडण्याऐवजी निघून यावं असंच बनवलेलं असतं आणि दाबलं की परत बसतं.

निळी जर्सी

टाय लावताना पाय जमिनीवर टेकवून, भार देऊन लावा. पाय उचललेला असताना लावलेला टाय पेडलवर जोर दिला की फार आवळतो.

पेडलपुराण

गाइड उसवला तर? माझ्या भावाच्या बुटाचा कापडी गाइड शिलाईतून सुटलाय, डायल आणि लेस नवीनच आहेत.

हर्णैकर

चांगल्या मोचीकडे घेऊन जा. पाठीवरच्या बॅगा, ट्रेकिंगचे बूट शिवणारे असतात त्यांच्याकडे. आमच्याकडच्या एकांनी जाड नायलॉन दोऱ्याने जुन्याच भोकांतून शिवून दिला, अजून टिकून आहे. दोन गोष्टी सांगा: जुन्याच भोकांतून शिवा, नवी भोकं पाडली तर कापड तिथे फाटतं. आणि आतून, इनसोलच्या बाजूने, शिलाईवर पातळ चामड्याची चकती लावा, नाहीतर गाठ पावलाला टोचते. शिवण्याआधी लेस काढून न्या. सुई लेसच्या आवरणाला लागली की पुढचं मी वर लिहिलंच आहे.

मागचाब्रेक

बोआशिवाय दुसऱ्या डायलबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून थोडं. मी नॉर्थवेव्हचे बूट वापरतो, त्यांचा एसएलडब्ल्यू२ डायल ओढायचा नसतो. बाजूला एक कळ असते. ती थोडी दाबली की एकेक टप्पा सैल, पूर्ण उचलली की लेस मोकळी. त्यामुळे साफ करताना फक्त डायल नाही, त्या कळीच्या खालची फटही धुवावी लागते, तिथे माती बसते. सिदीचा टेक्नो-३ आणखी निराळा, मधलं बटण दाबून डायलची पाकळी वर येते. सिदीचं मला आवडतं ते हे की त्यांच्या बुटांचे बरेच भाग सुटे विकत मिळतात, तारसुद्धा. धुण्याचं आणि तेल न घालण्याचं घाटवेडांनी लिहिलेलं सगळं यांनाही लागू.

घाटवेडा

छान भर. या सगळ्याची सुरुवात स्नोबोर्डच्या बुटांतून झाली, हे अनेकांना माहीत नसतं. गॅरी हॅमरस्लॅग यांनी अमेरिकेतल्या कोलोरॅडोत २००१ साली बोआ सुरू केली ती बर्फावरच्या बुटांसाठी. जाड हातमोजे घालून नाडी बांधता येत नाही, ही तिथली अडचण. सायकलवर ते नंतर आलं. बर्फ वितळून निघून जातो, आपल्या घाटातली माती मात्र वाळून आतच बसते. म्हणून आपल्याकडे धुण्याचं महत्त्व जास्त.

वळणवाट (धागाकर्ती)

किट मागवलं. वॉरंटीचा अर्ज भरताना डावा-उजवा आणि वरचा-खालचा दोन्ही विचारलं होतं, घाटवेडांनी आधी सांगितल्यामुळे गोंधळ झाला नाही. तोवर सरावाच्या राईडला रातकिडांची नाडी आणि टाय बॅगेत आहेत.

नवाभिडू

सगळा धागा वाचला, खूप शिकायला मिळालं. मी पहिलेच क्लिपलेस (क्लीटने पेडलला अडकणारे) बूट घेतोय. एक डायल की दोन? एका दिशेचा की दोन दिशांचा? बजेट मध्यम आहे, राईड बहुतेक सिंहगड, बोपदेव, क्वचित महाबळेश्वर.

घाटवेडा

स्वागत. माझं मत: बजेट मध्यम असेल तर दोन दिशांचा एक डायल आणि बोटांकडे वेल्क्रोची पट्टी, हे एका दिशेच्या दोन डायलपेक्षा जास्त उपयोगी. चढ-उताराच्या रस्त्यांवर सैल-घट्ट सारखं करावं लागतं आणि बोटांकडचा ताण एकदा ठरला की फारसा बदलत नाही.

निळी जर्सी

सहमत. आणि पाऊल रुंद असेल तर आधी रुंद साच्याचा बूट शोधा. अरुंद बूट डायल सैल सोडून रुंद होत नाही.

हर्णैकर

दुकानात बूट संध्याकाळी घालून बघा, सायकलिंगचेच मोजे घालून. गाइडची तोंडं बोटाने चाचपा, धारदार कड लागली तर तो बूट नको, तिथेच लेस कापणार. डायल बुटाच्या बाहेर किती उठलाय तेही बघा. फार उठलेला असेल तर पडल्यावर पहिला तोच आपटतो.

घाटवेडा

आणि पैसे द्यायच्या आधी दोन प्रश्न विचारा: या डायलचा मॉडेल कोणता, आणि लेस-डायलचं किट कुठून मागवायचं. उत्तर मिळालं नाही तर तोच बूट दुसरीकडे बघा. घेतलात की डायलवरच्या अक्षरांचा फोटो त्याच दिवशी काढून ठेवा, दोन पावसाळ्यांनी ती घासून जातात आणि किटच्या अर्जात तीच लागतात.